पॉविस किल्ल्यामागचा न लागलेला निकाल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत वेल्समधल्या पॉविस किल्ल्यावरचा लेख वाचला. टिपू सुलतानाचा तंबू, त्याच्या सिंहासनावरचे वाघाचे मुंडके, क्लाइव्ह घराण्याने आपल्याकडून नेलेला ऐवज, हे सारे लेखिकेने छान उभे केले आहे. तक्रार आहे ती एका वाक्याबद्दल. किल्ल्याचा मूळ धनी ग्रिफिद अप ग्वेनविनविन याला लेखिकेने गद्दार ठरवून दोन ओळींत निकालात काढले आणि वेल्स बुडाले ते त्याच्यामुळे, असे सुचवले. उभा जन्म साताऱ्याच्या दिवाणी कोर्टात गेलेल्या माझ्यासारख्याला हे पचले नाही. गद्दारी झाली, नाही म्हणत नाही. पण ज्या लढाईत वेल्स बुडाले ती १२८२ची लढाई पेटली त्यात एका जमिनीच्या दाव्याचा मोठा हात होता, आणि त्या दाव्याचा लेखात उल्लेखसुद्धा नाही.

जमीन म्हणजे अर्वस्तली. सेव्हर्न नदी पिनलिमन डोंगरात उगम पावते, तिथून खाली लॅनिडलोइस, लॅनडिनम, केअरसूस अशी गावे लागतात, तेच हे खोरे. उत्तरेला ग्विनेद, पूर्वेला पॉविस, दक्षिणेला डोंगर ओलांडला की देहेबार्थ, ही तेव्हाची वेल्श राज्ये. तिन्हीकडच्या वाटा इथून जातात, त्यामुळे ज्याच्या हाती बळ येई तो आधी इथे हात घाली. खोऱ्याला स्वतःचे राजघराणेही होते. इथल्या त्राहाइर्न अप कॅराडोगने काही वर्षे खुद्द ग्विनेदवर राज्य केले आणि १०८१ साली मिनिद कार्नच्या लढाईत तो पडला. शंभर वर्षांनी ते घराणे क्षीण झाले आणि ११९७मध्ये पॉविसच्या ग्वेनविनविनने खोरे गिळले. मौज अशी की चर्चच्या कारभारात अर्वस्तली तरीही बँगरच्या बिशपकडेच राहिली, म्हणजे ग्विनेदकडे. बाकीचे पॉविस सेंट आसफकडे. सातबारा एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची, असली प्रकरणे आम्ही वकिलांनी ढिगाने पाहिली आहेत.

ग्वेनविनविनचा मुलगा म्हणजे आपला ग्रिफिद. ग्विनेदच्या लुवेलिन अप ग्रिफिदला इंग्लंडच्या राजाने १२६७च्या तहात ‘वेल्सचा प्रिन्स’ मानले, तेव्हा ग्रिफिद त्याचा मांडलिक होता. १२७४च्या एप्रिलमध्ये लुवेलिनने सेव्हर्नकाठच्या डॉलफोरविनच्या नव्या किल्ल्यात त्याला बेइमानीबद्दल दोषी ठरवले आणि अर्वस्तली काढून घेतली. ग्रिफिदने रचलेला लुवेलिनच्या खुनाचा कट पुढे उघड झाला. लुवेलिनचा सख्खा भाऊ दाविद त्यात सामील होता, आणि त्या फेब्रुवारीत बर्फाचे वादळ आले नसते तर काम तमामच झाले असते. ग्रिफिद पळून इंग्लंडात श्रूझबरीला गेला. लेखिकेची गोष्ट इथे संपते, खरे प्रकरण मात्र इथून सुरू होते.

१२७७मध्ये इंग्लंडचा राजा एडवर्ड पहिला याने लुवेलिनला हरवले, ग्रिफिदला खोरे परत मिळाले. पण अबरकॉन्वीच्या तहात एक कलम होते: वेल्समधले तंटे वेल्श कायद्याने आणि सरहद्दीच्या ‘मार्च’मधले तंटे मार्चच्या रिवाजाने सोडवावेत. वाचायला सोपे. लुवेलिनने १२७८मध्ये त्याच कलमावर दावा लावला: अर्वस्तली वेल्समध्ये आहे, तेव्हा जुना वेल्श राजा हवेल दा याच्या नावाने चालत आलेल्या वेल्श कायद्याने निवाडा करा. ग्रिफिदने जबाब दिला की मी मार्चचा बॅरन आहे, मला इंग्रजी कायदा लागू. म्हणजे जमीन कुणाची हा प्रश्न बाजूलाच. आधी ती कुठल्या कायद्याच्या हद्दीत, हे ठरवायचे, आणि ते कोणी ठरवायचे हे तहात लिहिलेलेच नव्हते. असे कलम कच्च्या मसुद्यात दिसले असते तर माझ्या सिनियरनी कागद तोंडावर फेकला असता.

पुढे काय झाले असेल ते कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही सांगायला नको. तारखा. राजाचा न्यायाधीश वॉल्टर डी हॉप्टन आणि त्याच्या सहन्यायाधीशांपुढे लुवेलिनचे वकील हजर होत, हरकत निघे, प्रकरण राजाकडे जाई, राजा जुने दप्तर तपासायला सांगे. १२८०च्या डिसेंबरात एडवर्डने वेल्श कायदा प्रत्यक्षात कसा चालत आला, याची चौकशी करायला कमिशन नेमले. आपण राज्याभिषेकाच्या वेळी वाईट रूढी मोडण्याची शपथ घेतली आहे, याचीही तो आठवण देई. लुवेलिनचा युक्तिवाद मला फार आवडतो: गॅस्कनीत गॅस्कन लोकांचा, स्कॉटलंडमध्ये स्कॉटांचा, आयर्लंडमध्ये आयरिशांचा कायदा चालतो आणि त्याने राजमुकुटाचे तेज वाढतेच, मग वेल्समध्येच वेल्श कायदा का नको?

गुणदोषांवर पाहिले तर त्याची बाजू भक्कम नव्हती, हेही कबूल केले पाहिजे. त्याचा ताबा अवघ्या तीन वर्षांचा, आणि तोही स्वतःच फिर्यादी व स्वतःच न्यायाधीश होऊन मिळवलेला. मी एडवर्डच्या जागी असतो तर वेल्श कायद्यानेच दावा चालवला असता आणि बहुधा लुवेलिनविरुद्धच निकाल दिला असता. हरलेला पक्षकार चडफडतो, पण घरी जातो. लटकत ठेवलेला जात नाही.

२१ मार्च १२८२ला दाविदने इंग्रजांच्या हॉर्डनच्या किल्ल्यावर हल्ला केला. पूर्वी भावाच्या जिवावर उठलेला हा माणूस आता त्याच्याच बाजूने लढत होता. कँटरबरीचे आर्चबिशप पेकम तडजोडीला आले तेव्हा लुवेलिनने दिलेल्या गाऱ्हाण्यांत अर्वस्तली अगदी वर होती. ११ डिसेंबरला तो किलमेरीजवळ मारला गेला आणि त्याचे शिर लंडनच्या टॉवरवर लावले गेले. ग्रिफिद आपल्या जहागिरीत १२८६मध्ये वारला. दाव्याचा निकाल लागलाच नाही.

माझी मुलगी बर्मिंगहॅमला असते. मागे तिच्याकडे गेलो असताना ॲबरिस्टविथच्या गाडीने न्यूटाउनला उतरून बसने लॅनिडलोइस गाठले. सेव्हर्न तिथे इतकी लहान आहे की आपली वेण्णासुद्धा पावसाळ्यात तिला लाजवील. गावातल्या चर्चमध्ये पाच दगडी कमानींची ओळ आहे, खांबांच्या माथ्यावर पाने कोरलेली. या कमानी मूळच्या तिथल्या नाहीत. दक्षिणेला डोंगरापलीकडे कुमहिरचा मठ होता. तो मोडीत निघाल्यावर १५४२च्या सुमारास त्या उचलून इथे आणून बसवल्या. लुवेलिनचे शिर नसलेले धड त्याच मठात पुरले होते, असे सांगतात.

आपला,
एक निवृत्त वकील, सातारा