आयएसओची मर्यादा ८०० ठेवण्याचा सल्ला मागे घ्यावा

महोदय,

गणेशोत्सवातील छायाचित्रे वाचकांकडून मागवताना आपल्या दैनिकाने यंदा कॅमेऱ्याच्या मांडणीविषयीही मार्गदर्शन केले, याबद्दल आपले मनापासून आभार. त्यातील एका सूचनेला मात्र माझा ठाम आक्षेप आहे. ऑटो आयएसओ चालू ठेवावा, किमान शटर वेग १/१२५ सेकंद निवडावा आणि आयएसओची कमाल मर्यादा ८०० ठेवावी, अशी ती सूचना आहे. आयएसओ म्हणजे प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील राहतो त्याचा आकडा; तो वाढवला की कमी उजेडातही चित्र उजळ येते, पण दाणेदार होते. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या रस्त्यावर या सूचनेचा शेवटचा भाग मधल्या भागाला पूर्णपणे निकामी करतो.

ॲपर्चर प्रायॉरिटी पद्धतीत लेन्समधील प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचा आकार आपण ठरवतो आणि उरलेला हिशेब कॅमेरा करतो. उजेड भरपूर असेल तोवर तो आयएसओ १०० किंवा २०० वर ठेवून शटरचाच वेग कमी-जास्त करतो. उजेड घटत जाऊन शटर आपण नेमून दिलेल्या किमान वेगापर्यंत उतरले, की तो तिथे थांबतो आणि आयएसओ वाढवू लागतो. इथपर्यंतचे बहुतेकांना ठाऊक असते. आयएसओ आपण घातलेल्या कमाल मर्यादेला पोचल्यावरही उजेड अपुराच असेल, तर निकॉन, कॅनन, सोनी यांचे कॅमेरे चित्र काळे पडू देत नाहीत. ते किमान वेगाची अट सोडून शटर आणखी मंद करतात. म्हणजे किमान शटर वेग पाळला जाईल की नाही, हे अखेर आयएसओच्या कमाल मर्यादेवर ठरते, आणि या दोन आकड्यांचा सल्ला एकमेकांपासून तोडून देता येत नाही.

समजा, मिरवणुकीत जेल रोडवर झांकी, म्हणजे गिरणी कामगारांचा फिरता देखावा, पुढे सरकली आहे आणि तिच्या मागून येणाऱ्या आखाड्यातील मुले लाठी फिरवत आहेत. तिथल्या उजेडात एफ/४ या छिद्राला आणि १/१२५ सेकंदाला आयएसओ ३२०० लागत असेल, तर ८०० ची मर्यादा घातलेला कॅमेरा दोन स्टॉप, म्हणजे चौपट, मागे पडतो आणि ती तूट शटर १/३० वर आणून भरून काढतो. १/३० सेकंदात फिरत्या लाठीचा नुसता फराटा उमटतो आणि लाठी फिरवणाऱ्याचा चेहराही पुसट होतो. लाठी खरोखर थांबलेली हवी असेल, तर १/५०० च्या आसपासचा वेग हवा आणि त्यासाठी याच उजेडात आयएसओ १२८०० पर्यंत जाऊ द्यावा लागेल. हा आकडा ऐकून पुष्कळ जण दचकतात, परंतु गेल्या काही वर्षांतील कॅमेऱ्यांत त्याने मिळणारे चित्र वृत्तपत्रासाठी निश्चितच वापरण्याजोगे असते.

ही अडचण दिवसा जाणवत नाही, म्हणूनच असा सल्ला टिकून राहतो. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, भर उन्हात आयएसओ १०० वर शटर सहज १/१००० च्या पुढे जाते. तिथे किमान वेग कितीही ठेवला आणि कमाल आयएसओ कितीही ठेवला, तरी दोन्ही आकड्यांना काही कामच नसते. दोघांची खरी कसोटी रात्रीच लागते.

काही कॅमेऱ्यांत किमान वेगही ‘ऑटो’वर ठेवण्याची सोय असते. तेव्हा कॅमेरा लेन्सच्या फोकल लांबीवरून वेग ठरवतो, म्हणजे ५० मिमीला साधारण १/५० आणि २०० मिमीला साधारण १/२००. हात हलण्यापुरता हा हिशेब योग्य आहे. समोरचा माणूस नाचतो आहे की पाटावर बसला आहे, हे त्याला कळत नाही. लेन्समधील स्थिरीकरणाचेही तसेच, ते आपला हात सावरते, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. म्हणून मिरवणुकीसाठी या सोयीतील वेगवान बाजूचा पर्याय निवडावा किंवा आकडा स्वतः घालावा. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची लेन्स असेल, तर झूम करताना छिद्र एफ/३.५ वरून एफ/५.६ पर्यंत आक्रसते, हेही ध्यानात घ्यावे. जास्त वेगाची गरज वाढते तेव्हाच आत येणारा प्रकाश घटतो.

माझ्या मते रात्रीच्या मिरवणुकीला सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे मॅन्युअल ठेवून केवळ आयएसओ ऑटोवर सोडणे. त्यात छिद्र आणि शटर आपण बांधून ठेवतो. आयएसओ मर्यादेला टेकला तर चित्र काळपट येते, पण हललेले येत नाही. आणि काळपट चित्र, विशेषतः रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली मूळ नोंद) असेल तर, नंतर बऱ्यापैकी उजळता येते. हललेला चेहरा कोणत्याही उपायाने परत येत नाही. एलईडी दिव्यांच्या झांक्यांसाठी मात्र एक अपवाद करावा लागतो. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात, आणि फार वेगवान शटरला चित्रात आडवे पट्टे येऊ शकतात. झांकीतील देखावा टिपताना १/१०० किंवा १/५० ठेवावा, आखाड्याकडे वळताना १/५०० करावा.

आता आपल्या छपाईविषयी. वृत्तपत्री कागदावर चित्र ठिपक्यांच्या जाळीतून उमटते आणि वाचकांची छायाचित्रे बहुधा दोन स्तंभांत बसवली जातात. मूळ चित्र इतके लहान केल्यावर उच्च आयएसओमुळे आलेले दाणे त्या जाळीत जवळजवळ दिसेनासे होतात; हललेपण मात्र लहान चित्रातही दिसते. ज्या दोषाची आपण वाचकांना धास्ती घातली आहे तो आपल्या पानावर दिसणारच नाही, आणि जो दिसेल त्याला आपलाच सल्ला कारणीभूत ठरेल.

हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण या गिरण्यांची यंत्रे कधीच थांबली, तरी त्यांच्या कामगारांनी झांक्यांची परंपरा सोडली नाही. त्या रात्रीचे माणसांचे चेहरे ओळखू येतील अशी छायाचित्रे शहरापाशी राहायला हवीत, असे मला फार वाटते. यासाठी आपण चतुर्दशीपूर्वी सुधारित सूचना छापावी: आयएसओची कमाल मर्यादा ६४०० किंवा १२८०० ठेवावी, चालत्या माणसांसाठी शटर १/२५० आणि आखाड्यासाठी १/५०० ठेवावे. तसेच केवळ दाणेदार आहे एवढ्या कारणावरून कोणाचेही छायाचित्र नाकारले जाणार नाही, असा स्पष्ट उल्लेखही त्या सूचनेत करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, इंदूर