सरका जी, थोडं अ‍ॅडजस्ट करा

संपादक साहेब, नमस्कार.

परवा बर्डीवरून हिंगण्याकडं जाणाऱ्या शेअर ऑटोत बसलो होतो. परवाना तीन सीटचा, मागं आम्ही तिघं आधीच कोंबलेले, त्यात एकाच्या मांडीवर संत्र्याची पेटी, आणि ड्रायव्हरला रस्त्यात अजून एक बाई दिसल्या. मागं वळून न पाहताच म्हणाला, "भाऊ, थोडं अ‍ॅडजस्ट करून घ्या ना जी." कोपऱ्यातला कॉलेजचा पोरगा कुरकुरला, "हे काय इंग्लिश आहे काय बे, अ‍ॅडजस्ट तर आरसा करतात." तसं त्याचं बरोबर आहे म्हणा, इंग्रज माणूस अशा वेळी सरळ सरका म्हणेल, अ‍ॅडजस्ट तो घड्याळ करेल, सीटबेल्ट करेल, फार तर विम्याचा क्लेम.

पण मला शब्दांचा जुना नाद. घरी आल्याबरोबर डिक्शनरी काढली तर गंमतच निघाली.

लॅटिनमध्ये युक्स्ता म्हणजे जवळ, शेजारी, अगदी खेटून. त्याच्या आधी 'आड' (म्हणजे कडे) हा लॅटिन उपसर्ग जोडून जवळ आणणे असं क्रियापद झालं, ते जुन्या फ्रेंचमध्ये गेलं आणि चौदाव्या शतकाच्या शेवटी शेवटी इंग्रजीत आलं. म्हणजे अ‍ॅडजस्टचं मूळच मुळी जवळ सरकवणं आहे, आपला ऑटोवाला नकळत का होईना त्या लॅटिनवाल्यांच्या जास्त जवळ बसला की! मधल्या काळात लोकांना वाटलं की हा शब्द युस्तुस म्हणजे न्याय्य, रास्त यावरून आला असणार, जस्ट आणि जस्टिस तिथलेच, आणि मग बरोबर बसवणे, नीट करणे हा अर्थ पक्का झाला. एक सख्खा भाऊ पण आहे याचा, जाउस्ट, म्हणजे घोड्यावरच्या सरदारांची भाल्यांची झुंज, जवळ आल्याशिवाय भांडण तरी कसं होणार. शेअर ऑटोत दोन्ही भाऊ रोज भेटतात, कोपर लागलं की झालं सुरू.

आता अजून मागं जा. युक्स्ता निघालं जोडणे या अर्थाच्या धातूपासून, इंग्रजीतले जॉइन आणि जंक्शन त्याच घरचे, आपल्या स्टेशनच्या नागपूर जंक्शनमधलं पण तेच. विल्यम जोन्स या भाषांच्या अभ्यासक न्यायाधीशानं १७८६ साली कलकत्त्यात भाषण देऊन सांगितलं होतं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचा उगम एकच असावा, त्या हिशोबानं संस्कृतातला योग, इंग्रजांचा योक आणि आपल्या बैलाच्या मानेवरचं जू हे सगळे एकाच खानदानातले. मला हे वाचून एकदम गावचा पोळा आठवला. आदल्या दिवशी संध्याकाळी आजोबा बैलांचे खांदे शेकायचे, हळद-लोणी चोळायचे, कारण वर्षभर जू तिथंच घासतं, कातडी पार काळी पडून घट्टे आलेले असायचे. मग बैलाच्या कानात सांगायचे, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. आमच्या भाचीचं लग्न जमवणं चालू आहे, दर रविवारी तुमचा पेपर आला की ताई आधी जाहिरातींचं पान उघडते. "सुशिक्षित, नोकरी करणारी, घरात अ‍ॅडजस्ट करून घेणारी वधू पाहिजे." त्याच पानावर वर पाहिजेच्या रकान्यात हा शब्द मला एकदाही सापडला नाही, चष्मा लावून दोनदा पाहिलं. बघायला आलेल्या एका पाहुण्यांनी पण चहा पिता पिता हेच विचारलं, पोरगी अ‍ॅडजस्ट होईल ना जी? भाची आतूनच म्हणाली, कोणाच्या बाजूला? पाहुणे गेले ते गेलेच, बाप्पा.

ऑटोत निदान चौघंही सरकतात हो, संत्र्याची पेटीसुद्धा. तर माझी एवढीच विनंती आहे, जाहिरात घेणाऱ्या तुमच्या काउंटरवरच्या माणसाला सांगा, कोणी अ‍ॅडजस्ट हा शब्द लिहून आणला तर मुलगा किती सरकणार तेही विचारून घ्या आणि तेवढी एक ओळ फुकटात छापा.

एक वाचक, नागपूर