व्याज नको म्हणणाऱ्यांचा पैसा जातो कुठे?

संपादक महोदय,

बँकेच्या काउंटरवर मी तीसेक वर्षे काढली. मार्च संपला की मोहल्ल्यातले काही खातेदार पासबुक घेऊन यायचे आणि हळूच म्हणायचे, "भाई, ह्यात व्याज किती पडलं तेवढं बाजूला लिहून द्या." तेवढी रक्कम काढून ते कुणा अडलेल्याला देऊन टाकत, तेही सवाबची, म्हणजे पुण्याची, अपेक्षा न ठेवता. काही जण बचत खातेच नको म्हणत आणि चालू खाते उघडत, कारण तिथे व्याज पडत नाही. मुदत ठेवीचा फॉर्म पुढे केला की अदबीने परत यायचा.

मी स्वतः मुसलमान. आमच्यात व्याज हराम, म्हणजे धर्माने निषिद्ध, मानतात. या संकोचाचे मला कधी हसू आले नाही, पण घोर लागायचा. बँकेत न ठेवलेला पैसा जातो कुठे?

माझ्या साडूचा गेला तो 'हलाल', म्हणजे धर्माला चालणारा, नफा देणाऱ्या एका योजनेत. बायकोच्या पाटल्या मोडून त्याने पैसे घातले. लाखामागे दरमहा ठरलेली रक्कम यायची. मी म्हटले, "अरे, ठरलेली रक्कम म्हणजे व्याजच की!" तो म्हणाला, "कागदावर नफा लिहिलंय." चौदा महिने नफा आला, मग ऑफिसला कुलूप.

खरे तर शरियतचाच, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याचाच, नियम लावला असता तरी तो वाचला असता. मुदारबा म्हणतात त्या भागीदारीत नफ्यातला वाटा आधी ठरतो, रक्कम कधीच नाही. धंदा बुडाला तर भांडवल घालणाऱ्याचे पैसे जातात आणि राबणाऱ्याची मेहनत फुकट जाते. मुद्दलावर दरमहा बांधलेला परतावा देऊ करणाऱ्याने तोंडाने कितीही बिस्मिल्ला म्हटले, तरी तो व्याजच देतोय. जून 2019 मध्ये 'हलाल' गुंतवणुकीच्या नावाने पैसे घेणारी बंगळुरूची आय मॉनेटरी ॲडव्हायझरी ही कंपनी बुडाली, मालक दुबईला पळाला, तेव्हा रडणाऱ्या हजारो कुटुंबांत किती जणांनी 'हे व्याजच नाही का?' हा प्रश्न आधी विचारला होता?

दोष एकट्या भोळेपणाचा नाही. 1949 च्या बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 8 नुसार बँकेला मालाची खरेदी-विक्री करता येत नाही, त्यामुळे वस्तू घेऊन नफा धरून हप्त्याने विकण्याचा मुराबहा आपल्याकडे बसतच नाही. रघुराम राजन समितीने 2008 मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचे ठरवले.

मला इस्लामी बँक नकोच आहे. त्या शब्दाने निम्मे लोक बिचकतात आणि उरलेले फसतात. सहकारात मात्र जागा आहे. 2016 मध्ये बार्शीत लोकमंगल सहकारी बँकेने बिनव्याजी व्यवहार सुरू केला; त्या समूहाचे सुभाष देशमुख तेव्हा राज्याचे सहकारमंत्री होते. म्हणजे मनात आणले तर अडत नाही. नोंदणीकृत पतसंस्थेने ठेवीवर व्याज देऊ नये, सोने तारण ठेवून छोटे कर्ज द्यावे आणि कागदपत्रांचा खर्च तेवढा घ्यावा. असे कर्ज घ्यायला आमच्या आधी शेजारचा भाजीवाला रांगेत उभा राहील.

आता थोडे आमच्याच माणसांबद्दल. ठेवीवरचे व्याज हराम म्हणून टाळणाऱ्या घरातली बाई दर आठवड्याला मायक्रोफायनान्सचा सव्याज हप्ता भरते, हे आम्ही बघून न बघितल्यासारखे करतो. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर राहिली, की अडीच टक्के जकात, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेले दान, निघते. ती कुणाला द्यायची याचे कुरआनात आठ प्रकार आहेत आणि त्यात कर्जात बुडालेला माणूसही आहे. तरी रमजानमध्ये आम्ही ती शंभर-दोनशेच्या नोटांनी दारोदार वाटून मोकळे होतो. मोहल्ल्याच्या जमातीने, म्हणजे मशिदीभोवतीच्या समाजाने, यंदा ती एकत्र करून निदान दहा बायांचे हप्ते एकरकमी फेडावेत. कुणाचे फेडायचे, ते हप्ता गोळा करायला येणाऱ्या पोराला विचारले तरी कळेल.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, मिरज