खुनी कळल्यावरही उरतं ते

पुणे, ५ जुलै

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. रूथ रेंडेल या इंग्रज रहस्यकथा-लेखिकेची ‘सिमिसोला’ वाचून काढलीस याचा आनंद झाला, पण तुझा शेरा वाचून राहवेना. ‘खुनी कोण याचा अंदाज अर्ध्यातच आला, मग पुढची पानं कशासाठी?’ त्या पुढच्या पानांसाठीच तर मी ती तुझ्या गळ्यात मारली होती!

खुनी शोधायचा तर आपल्याला लहानपणापासून खूप मिळालं. सर्क्युलेटिंग लायब्ररीतून आणायचं, रात्रीत संपवायचं आणि सकाळी परत करायचं. रूथ रेंडेल वाचताना मी त्या घाईत नसतो. मला इन्स्पेक्टर वेक्सफर्ड या माणसाच्या सोबत राहायचं असतं. १९६४ साली पहिल्या कादंबरीत तो आला आणि २०१३ पर्यंत तिने त्याला सोडला नाही. दक्षिण इंग्लंडातल्या ससेक्समधलं किंग्जमार्कहॅम हे तिचं काल्पनिक गाव, पण आता त्यातल्या गल्ल्याही ओळखीच्या वाटतात. वेक्सफर्ड वाचणारा, विचार करणारा, मुलींवर जीव टाकणारा आणि त्यांच्यावरून मनातल्या मनात झुरणारा बाप आहे. एका जावयाची नोकरी गेली आहे, घरात ताण आहे, आणि हे सगळं तपासाच्या आड येत राहतं.

आता ‘सिमिसोला’ परत डोळ्यांसमोर आण. १९९४ सालची कादंबरी. डॉक्टर अकांडे हे नायजेरियातून आलेले, वेक्सफर्डचे स्वतःचे डॉक्टर. त्यांची बावीस वर्षांची मुलगी मेलनी बेकारभत्त्याच्या कचेरीत जाते आणि परत येत नाही. डॉक्टर पोलिसाकडे आधी ओळखीने येतात, तक्रार नंतर. वेक्सफर्ड त्यांच्याशी किती जपून बोलतो, बघितलंस? मनात काही वाईट नाही हे दिसावं म्हणून तो नेहमीपेक्षा जास्तच चांगला वागतो, आणि आपण तसं वागतोय हेही त्याला कळत असतं. पुढे रानात एका काळ्या मुलीचं प्रेत सापडतं. गावात काळी माणसं मोजकी आणि त्यातली एक मुलगी बेपत्ता. दुसरी कुणी असेल हे वेक्सफर्डच्या मनाला शिवतही नाही. तो त्या आईबापांना शवागारात बोलावतो. चादर बाजूला होते, आणि ती त्यांची मुलगी नसते.

अकांडेबाई तिथे त्याच्यावर ज्या संतापाने तुटून पडतात, ते पान मी पुन्हापुन्हा वाचलंय. मुलगी आपली नाही हा सुटकेचा क्षण असायला हवा होता. पण त्याच क्षणी त्या आईला दिसतं की या सभ्य, सुशिक्षित, आपल्या घरी येणाऱ्या माणसाला एक काळी मुलगी आणि दुसरी काळी मुलगी सारखीच. वेक्सफर्डजवळ उत्तर नसतं. मिलिंद, हा जर शिव्या घालणारा, रासवट पोलीस असता तर आपण त्याला नावं ठेवून मोकळे झालो असतो. तो तसा नाही, म्हणून ते वाचताना पोटात खड्डा पडतो.

आणि रेंडेलचं खरं कौशल्य मला इथे वाटतं: ही चूक तिने शोभेला ठेवलेली नाही, तपासच त्या चुकीने अडवला आहे. एक मुलगी हरवली असं सगळ्यांनी धरलं होतं, म्हणून दुसरी कुणी हरवली आहे हे कुणी बघितलंच नाही. तिची तक्रार द्यायला कुणी आलं नव्हतं, तिचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. रहस्यकथेत लेखक खोटे धागे पेरतात. इथे तो खोटा धागा पोलिसाच्या डोक्यातूनच निघालाय. परक्या देशातून घरकामाला आणलेल्या तिच्यासारख्या बायकांचं तेव्हा ब्रिटनमध्ये काय होत होतं, ते तुला शेवटी कळलंच. मालक सोडायचा तर देशात राहायचा हक्कच जायचा. १९९८ मध्ये त्यांना मालक बदलायची मुभा मिळाली आणि २०१२ मध्ये सरकारने ती पुन्हा काढून घेतली. कादंबरी जुनी झाली असं म्हणायची सोय नाही.

याच काळात, २२ एप्रिल १९९३ ला, लंडनच्या एल्टममध्ये स्टीफन लॉरेन्स हा अठरा वर्षांचा काळा मुलगा बसथांब्यापाशी भोसकून मारला गेला. पोलिसांनी तो तपास असा केला की सरकारी चौकशीच्या १९९९ च्या मॅकफर्सन अहवालात लंडनच्या पोलीस दलात संस्थात्मक वर्णद्वेष आहे असं स्पष्ट लिहावं लागलं. दोघांना खुनाची शिक्षा झाली ती थेट २०१२ मध्ये. रेंडेलची कादंबरी त्या अहवालाच्या पाच वर्षं आधीची. अहवालाने पोलीस दलाबद्दल सांगितलं. तिने एका भल्या माणसाच्या आत शिरून दाखवलं, आणि ते काम कादंबरीच करू शकते असं मला मनापासून वाटतं.

तुला ती खोली आठवते? आपण कॉलेजात असताना बघायला गेलो होतो ती. बाईंनी चहा दिला, तुझ्या मार्कांचं कौतुक केलं, नळाला पाणी किती वाजता येतं तेही सांगितलं. मग आडनाव विचारलं. कपबश्या उचलता उचलता त्यांना एकदम आठवलं की खोली पुतण्याला द्यायची आहे. आवाज तेवढाच गोड होता. जिना उतरताना तू पुढच्या खोलीचा पत्ता काढून वाचायला लागलास. वेक्सफर्डचं ते जास्तीचं चांगलं वागणं वाचलं की मला त्या बाई दिसतात. आपल्याकडच्या आणि तिकडच्या गोष्टी एकच आहेत असं मी म्हणत नाही. पण ससेक्समधल्या गोऱ्या पोलिसाबद्दल वाचताना तू आणि मी नुसते बघे राहू शकत नाही, एवढं खरं.

आता एक खरी हकीकत, कारण तिथे हे सगळं प्रत्यक्षात घडलंय. शापूरजी एदलजी हे मुंबईचे पारशी, ख्रिस्ती झाले आणि १८७६ मध्ये स्टॅफर्डशायरमधल्या ग्रेट वर्ली गावचे पाद्री झाले. घरावर वर्षानुवर्षं निनावी, विखारी पत्रं येत राहिली. १९०३ मध्ये गावात रात्री कुणीतरी जनावरांची पोटं फाडायला लागलं आणि पोलिसांनी पकडलं कुणाला, तर पाद्र्याच्या वकील मुलाला, जॉर्जला. मुलगा रात्रभर माझ्याच खोलीत, कडी लावून झोपला होता असं बापाने सांगितलं. ते कुणी मानलं नाही. सात वर्षं सक्तमजुरी झाली. तिसऱ्या वर्षी त्याला सोडलं, पण निर्दोष म्हणून नव्हे. तेव्हा त्याने आर्थर कॉनन डॉयलना साकडं घातलं. डॉयल हॉटेलात भेटायला आले तर जॉर्ज वर्तमानपत्र डोळ्यांशी धरून, तेही तिरकं करून वाचत होता. डॉयल डोळ्यांचं शिकलेले डॉक्टर. या माणसाला धड दिसत नाही, हा काळोखात शेतं तुडवून घोड्याला कसा गाठेल, हे त्यांना तिथेच उमगलं. १९०७ मध्ये माफी मिळाली, भरपाई मात्र छदामही नाही. इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचं न्यायालय त्याच वर्षी कायद्याने आलं, आणि त्यामागे या प्रकरणाचाही हात होता. होम्सच्या बापाने होम्ससारखं काम केलं ते एका मुंबईकराच्या मुलासाठी, हे शाळेत कुणी आपल्याला सांगितलं नाही.

म्हणून रेंडेलची शेवटची वेक्सफर्ड कादंबरी हातात घेतल्यावर मी चमकलो. तिच्यात गावातल्या पाद्र्याच्या घरी खून होतो, आणि मेलेली पाद्री म्हणजे सारा हुसेन, भारतीय बापाची मुलगी. रेंडेलच्या मनात एदलजी होते की नाही, देव जाणे. माझ्या मनात ते आलेच. कादंबरी म्हणून ती थोडी सैल आहे, वेक्सफर्ड निवृत्त आहे, पण वाच.

तुझी दुसरी तक्रार मला मान्य आहे: हे सगळं गोऱ्यांच्या खिडकीतून दिसतं. अकांडेबाईंचं मन आपल्याला कळतं ते वेक्सफर्डच्या अपराधीपणातून. त्यासाठी ए. ए. धंड वाच. ब्रॅडफर्डचा माणूस, पेशाने फार्मासिस्ट, दुकानाच्या काउंटरमागे उभा राहून शहर बघितलेला. त्याचा हॅरी विरदी शीख पोलीस, बायको साइमा मुसलमान, आणि त्या लग्नापायी घरच्यांनी त्याला टाकलेला. गोऱ्यांचा द्वेष बाहेर आहेच, पण आपल्या माणसांचाही घरात आहे. मारामाऱ्या जरा जास्त आहेत, मला तिथे रेंडेलचा संथपणा हवासा वाटतो. वसीम खानची पर्सिस वाडिया तुला गोड वाटेल, १९५० च्या आसपासची मुंबई, पुस्तकाच्या दुकानात वाढलेली पारशी पोलीस बाई. ती वाचताना मला छान वाटतं, पण बोचत नाही. साहेब गेल्यानंतरच्या साहेबीपणावर चिडणं सोपं असतं.

धंडची पहिली कादंबरी उद्या कुरियरने पाठवतोय. तोपर्यंत एक कर: शवागाराचं प्रकरण पुन्हा काढ आणि या वेळी डॉक्टरांकडे लक्ष ठेव, बाईंकडे नको. त्या चिडतात, डॉक्टर चिडत नाहीत. मला वाटतं त्यांना हे नवीनच नव्हतं. नलिनीवहिनी म्हणतात तसं ते नुसते दमलेले असतील, तर तेही लिही. मी माझं म्हणणं सोडणार नाही, पण तुमचं ऐकायचं आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुहास