कोर उपडीच होती, संपादकसाहेब

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात शेवटच्या पानावर 'ग्रहणात काय कराल, काय टाळाल' ही अर्धे पान माहिती आली आहे. तिच्या डोक्यावर चार स्तंभी छायाचित्र: सिद्धेश्वर मंदिरामागे काळाकुट्ट सूर्य, भोवती प्रभामंडल, कडेला हिऱ्याच्या अंगठीसारखा लखलखता ठिपका. खाली ओळ, 'सोलापुरातील ग्रहणाचे संग्रहित छायाचित्र'. हा संग्रह कोणाचा, एवढेच दोन ओळींत विचारावे म्हणून काल रात्री कागद घेतला. सकाळपर्यंत पत्र लांबले, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

येत्या बुधवारचे, १२ ऑगस्टचे ग्रहण खग्रास आहे हे खरे. ते ग्रीनलंड, आइसलंड आणि स्पेनवाल्यांना दिसणार. ते ऐन भरात असेल तेव्हा आपल्याकडे रात्रीचे सव्वाअकरा वाजलेले असतील, म्हणजे सूर्य जवळजवळ आपल्या पायाखाली. तरीही आपल्या चौकटीत सोलापूरसाठी वेध कधी लागणार, गर्भवतींनी विळी-कात्रीला हात लावावा की नाही, शिजलेल्या अन्नावर तुळशीपत्र कधी ठेवावे, सगळे आहे. जे ग्रहण दिसत नाही त्याचे वेध पाळायचे नसतात, असे पंचांगवालेसुद्धा सांगतात. आपण त्यांच्याही पुढे गेलात. त्या दिवशी दिव्याची अवस आहे, निदान बायकांना दिवे तरी निवांत घासू द्या.

आता छायाचित्र. माझ्या हयातीत खग्रास ग्रहणाचा पट्टा सोलापूर शहरावरून गेलेला नाही. १९८० चा आपल्या दक्षिणेला हुबळी-रायचूरकडून गेला, १९९५ चा राजस्थान-उत्तर प्रदेशातून, २००९ चा सुरत-भोपाळवरून. सूर्य कडेने जरासा उघडा असला तरी प्रभामंडल दिसत नाही, त्यामुळे सोलापुरात बसून ते कोणी टिपले असेल तर त्याला मला एकदा भेटायचे आहे. शिवाय हात लांब करून करंगळी धरली तर सूर्य तिच्यामागे आरामात झाकतो, एवढाच तो दिसतो. आपल्या फोटोत अख्खे तळे मावले आहे आणि सूर्य मंदिराच्या शिखरापेक्षा मोठा! तळ्यातल्या प्रतिबिंबात मंदिर आहे, झाडे आहेत, सूर्य मात्र नाही. तो बहुधा संगणकाला घाईत आठवला नसावा.

मी २८ वर्षे या गावात फोटो स्टुडिओ चालवला. म्हणून मला हे जरा जास्त लागते, आणि त्याला एक जुने कारणही आहे.

२६ डिसेंबर २०१९. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. घरात पूजेची तयारी चाललेली आणि मी सकाळी साडेसातपासून गच्चीवर तिपाई लावून बसलेलो. कंकण, म्हणजे सूर्याची नुसती बांगडी उरते ते, केरळ-तमिळनाडूत; आपल्याकडे खंडग्रास. लेन्स तीनशे मिलिमीटरची. तिच्यावर सूर्य सेन्सरवर जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचा पडतो, म्हणजे तिपाईला कोणाचा धक्का लागला की संपले. फिल्टर लेन्सच्या पुढे, दोऱ्याने बांधून. (तो पुढेच लावायचा असतो. डोळ्याजवळच्या काचेला लावला तर एकवटलेल्या उन्हाने तडकतो आणि मग डोळ्याची पाळी.) ढग येत-जात होते. पूजेला खाली बोलावून बायको दमली. नऊ-वीसच्या सुमारास दोन ढगांच्या मधल्या फटीत मला सात फोटो मिळाले. त्यातला एक असा उतरला की काय सांगू. कोरीचा फुगवटा वर डावीकडे आणि दोन्ही टोके खाली उजवीकडे झुकलेली, जणू कोणी वाटी उपडी करून कलती ठेवली आहे.

तो मी आपल्याच कार्यालयात स्वतः नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी छापूनही आला. डोक्यावर उभा! टोके वर, अगदी महादेवाच्या जटेतल्या चंद्रासारखी. खाली नाव माझे नाही, 'सौजन्य : इंटरनेट'. फोन केला तर आपल्या पान लावणाऱ्या मुलाने शांतपणे सांगितले, "सर, उलटी होती की ती, म्हणून सरळ केली."

त्या मुलावर माझा राग नाही. चंद्राची कोर पाहून पाहून तो मोठा झाला, सूर्याची कोर कशाला कोण पाहतो! पण फिरवण्याआधी एकदा विचारायचे तरी होते. त्या दिवशी आपल्या गावातून चंद्र सूर्याच्या दक्षिण अंगावरून गेला, म्हणून उत्तरेकडची कड उघडी राहिली. सकाळी आग्नेयेकडे तोंड केले की ती वर डावीकडेच येणार. त्या उपड्या कोरीत सगळी खूण होती, कंकण दक्षिणेला आहे याची. आपण ती पुसलीत.

उलटे काय आणि सुलटे काय हे मी नवव्या वर्षी शिकलो. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. रस्त्यावर कुत्रे नव्हते. आमच्या घरी तीन माग होते, तेही बंद. आजीने पाण्याच्या हंड्यांत दर्भ टाकून सगळ्यांना आत कोंडलेले. दुपारी वडिलांनी चादरीच्या जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राची, भोकांची पुठ्ठ्याची कार्डे काढली. भोके दाट असली की उजेडाचे ठिपके एकमेकांवर चढतात, म्हणून विरळ भोकांची निवडली, त्यातलीही निम्मी कागद चिकटवून बुजवली. ती पश्चिमेच्या खिडकीला बांधून बाकी खिडकी चादरीने झाकली. जमिनीवर रुपयाएवढे पंधरा-वीस गोल पडले. मग एकेका गोलाला एकदमच कोणी चावा घेतला. आजी सोवळे विसरून बघायला आली. वडील म्हणाले, हे भोकातून आलेले आहे, वरच्या आकाशात याच्या उलट दिसत असणार. भोक ते जमीन यांत जेवढे अंतर, त्याचा साधारण एकशे दहावा भाग एवढी सूर्याची प्रतिमा येते, हे गणित मला पुढे कळले. वडील चौथी शिकलेले. तेव्हा भोकाने उलटे होते, लेन्सवाल्या कॅमेऱ्याच्या फोटोत आपोआप सुलटे होऊनच येते, एवढे आपल्या पानवाल्यांना कोणीतरी सांगा.

कालच्या चौकटीत 'जुन्या एक्स-रे फिल्ममधून ग्रहण पाहावे' असाही सल्ला आहे. कृपा करून उद्याच दुरुस्ती छापा. पुढच्या वर्षी २ ऑगस्टला आपल्याकडून खरेच खंडग्रास दिसायचे आहे आणि कात्रणे लोक जपून ठेवतात. काळ्या फिल्ममधून उजेड कमी दिसतो, पण न दिसणारे किरण आत जातातच, आणि डोळ्याच्या पडद्याला दुखणे कळत नाही. कळते ते दुसऱ्या दिवशी. ग्रहणाचा चष्मा नसेल तर वेल्डिंगची चौदा नंबरची काच चालते, त्याहून फिकी नाही. मी हे मोठ्या तोंडाने सांगतो आहे खरे, पण १९९५ च्या दिवाळीत मी स्वतः गिऱ्हाइकांना रंगीत निगेटिव्हच्या काळ्या पट्ट्या फुकट वाटल्या होत्या. फिल्ममध्ये ते किरण अडवते ती चांदी, आणि रंगीत फिल्ममध्ये ती उरतच नाही, नुसता रंग असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तेव्हापासून ग्रहण आले की त्या पट्ट्या आठवतात.

सोलापूरचे ग्रहणच छापायचे होते तर जेऊर कुठे गेले होते? आपल्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातले, पुणे-सोलापूर गाडी थांबते ते. २२ जानेवारी १८९८ ला तिथे खग्रास ग्रहण लागले. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. पुण्याहून प्रा. कावसजी नेगमवाला आपली मंडळी घेऊन आले आणि त्यांनी त्याचा अहवालही लिहिला. जेमतेम दोन मिनिटांसाठी सातासमुद्रापारची माणसे आपल्या जिल्ह्यात तळ ठोकून बसली होती. आपल्या पुरवणीत यावर आजवर एक ओळ मी वाचलेली नाही. ओळ येते ती दर १८ ऑगस्टला, विजयदुर्गावर १८६८ साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी हेलियम शोधल्याची. लॉकियर १८६८ साली इंग्लंडात होते. ते विजयदुर्गावर आले १८९८ साली, जेऊरच्याच ग्रहणासाठी. १८६८ ला ग्रहण पाहणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. पुढच्या आठवड्यात १८ तारीख येतेच आहे, मजकूर तयार असेल तर अजून वेळ आहे.

पत्र छापा अगर न छापा. सोबत २०१९ चा तो फोटो पुन्हा जोडला आहे. वरची बाजू कोणती हे मागे पेन्सिलीने बाण काढून लिहिले आहे.

आपला,
एक जुना वाचक
साखर पेठ, सोलापूर