अमेरिकेतला चेक: खात्यात दिसला म्हणजे वटला असे नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

अमेरिकेतील विद्यापीठांचे नवे सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते. पुण्या-मुंबईपासून नांदेड-कोल्हापूरपर्यंतच्या अनेक घरांत त्याआधी महिनाभर बॅगा भरण्याची धावपळ असते. फॉरेक्स कार्ड, सिमकार्ड, औषधे, मसाले अशा सगळ्याची यादी होते. तिथे गेल्यावर कुणी चेक दिला तर काय करायचे, हे मात्र कुणी सांगत नाही. बनावट चेकची फसवणूक अमेरिकेत जुनी आहे आणि नव्याने दाखल झालेले विद्यार्थी तिच्या गळाला सहज लागतात. म्हणून हे सविस्तर पत्र.

गैरसमजाचे मूळ आपल्याकडच्या सवयीत आहे. यूपीआयवर वाढलेल्या मुलांनी चेक क्वचितच हाताळलेला असतो. त्यांच्या आईवडिलांना चेक चांगला माहीत असतो, पण इथला. आपल्याकडे सीटीएस या चेक वटवण्याच्या व्यवस्थेत चेकची प्रतिमा ज्या बँकेवर तो काढला आहे तिच्याकडे जाते. तिने मान्यता दिली की साधारणपणे मगच ती रक्कम आपल्याला वापरता येते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून हे काम दिवसभर सलग चालते आणि त्याच दिवशी निकाल लागतो. त्यामुळे ‘खात्यात जमा झाला म्हणजे वटला’ ही समजूत इथे बहुतेक वेळा खरी ठरते. अमेरिकेत हीच समजूत घात करते.

तिथे १९८७ च्या कायद्यानुसार आणि फेडरल रिझर्व्ह या तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या ‘रेग्युलेशन सीसी’ नियमावलीनुसार बँकेला चेकची रक्कम ठरावीक मुदतीत ग्राहकाला वापरायला द्यावीच लागते, चेक वटो अथवा न वटो. पूर्वी बँका ग्राहकांचे पैसे दिवसेंदिवस अडकवून ठेवत, त्याला आळा घालण्यासाठी हा कायदा आला. शाखेत भरलेल्या साध्या चेकमधले पहिले २७५ डॉलर पुढच्या कामकाजाच्या दिवशी मोकळे होतात, बाकीची रक्कम सहसा त्याच्या पुढच्या दिवशी. (हा आकडा १ जुलै २०२५ पर्यंत २२५ होता.) एका दिवसात ६,७२५ डॉलरपेक्षा जास्त रकमेचे चेक भरले, किंवा खाते उघडून ३० दिवस झाले नसतील, तर बँक जास्त थांबू शकते. ठग हे आकडे सांभाळूनच चेक लिहितो. ‘तुझे खाते किती जुने आहे?’ असा प्रश्न अनोळखी माणसाकडून आला, तर तो कशासाठी विचारला आहे हे यावरून कळावे.

ही रक्कम म्हणजे बँकेने चेक वटेल असे धरून दिलेली उचल असते. चेक परत आला की बँक ती खातेदाराकडून वसूल करते. काउंटरवर ‘पैसे आले का?’ असे विचारले तर ‘हो’ असे उत्तर मिळते. तेही खोटे नसते, फक्त प्रश्न चुकलेला असतो.

हिशेब मांडून पाहू. मे महिन्यात सुट्टीसाठी भारतात येणारी विद्यार्थिनी आपली खोली ९०० डॉलर भाड्याने द्यायची जाहिरात करते. ‘भाडेकरू’ पाहायला येत नाही, कारण तो म्हणे दुसऱ्या राज्यात आहे. कुरिअरने चेक येतो २,८५० डॉलरचा. सोबत मेसेज: ‘ऑफिसने सगळ्या खर्चाचा एकच चेक काढला. तुमचे ९०० ठेवा, उरलेले १,९५० सामान हलवणाऱ्याला झेलवर पाठवा.’ (झेल म्हणजे खात्यातून खात्यात झटपट पैसे पाठवायची तिथली सोय.) खात्यात तिचे स्वतःचे १,२०० डॉलर आहेत. सोमवारी चेक भरला, बुधवारी शिल्लक ४,०५० दिसली. गुरुवारी तिने १,९५० पाठवले, उरले २,१००. पुढच्या मंगळवारी चेक परत आला आणि बँकेने २,८५० वळते केले. शिल्लक वजा ७५०, वर चेक परतीचे शुल्क. भाडेकरूचा फोन बंद.

आमिषे बदलतात, सापळा हाच राहतो. फेसबुक मार्केटप्लेसवर जुने टेबल विकायला ठेवले की किमतीपेक्षा मोठा चेक येतो. गाडीवर जाहिरात चिकटवण्याचे काम, दुकानांची गुपचूप पाहणी करण्याचे काम हीदेखील याच जातीची. विद्यार्थ्यांसाठी सर्वांत घातक आहे ती नोकरीची ईमेल. ती बऱ्याचदा विद्यापीठाच्याच पत्त्यावरून येते, कारण कुणा विद्यार्थ्याचे किंवा प्राध्यापकाचे खाते आधीच फोडलेले असते. ‘प्राध्यापकांना पर्सनल असिस्टंट हवा आहे, आठवड्याला काही तास, घरूनच काम, चारशे-पाचशे डॉलर.’ मुलाखत फक्त मेसेजवर. आणि पहिले काम: सोबतचा चेक फोनवरून भरा, ‘अनाथाश्रमासाठी’ गिफ्ट कार्डे घ्या, मागचा पट्टा खरवडून नंबरचा फोटो पाठवा.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्याला ही ईमेल ओळखायचे आणखी एक साधन आहे. त्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. बाहेरचे काम सीपीटी वा ओपीटीसारख्या (शिक्षणाशी निगडित प्रत्यक्ष कामाच्या) परवानगीशिवाय साधारणपणे चालत नाही. कॅम्पसवरची खरी नोकरी विद्यापीठाच्या पोर्टलवर असते, तिचा पगार विद्यापीठाच्या पेरोलमधून येतो. कोणताही प्राध्यापक विद्यार्थ्याच्या खात्यात चेक भरायला लावून खरेदी करून घेत नाही.

आता खुद्द चेककडे. खालच्या कडेला चुंबकीय शाईत छापलेले आकडे असतात, त्यात नऊ आकड्यांचा राउटिंग नंबर असतो. यंत्र तेवढेच वाचते, माणूस मात्र वर छापलेले बँकेचे नाव वाचतो. त्यामुळे वर एका बँकेचे नाव आणि खाली दुसरीचा नंबर असा चेक भलतीकडे फिरून यायला वेळ लागतो आणि तेवढी सवड ठगाला मिळते. सामान्य बँकांच्या चेकवर पहिले दोन आकडे ०१ ते १२ किंवा २१ ते ३२ यांतले असतात. शिवाय एक बेरीज करून पाहता येते: पहिला, चौथा, सातवा आकडा यांची बेरीज गुणिले ३, दुसरा, पाचवा, आठवा यांची गुणिले ७, तिसरा, सहावा, नववा यांची बेरीज न गुणता आहे तशी. तिन्ही मिळून येणाऱ्या संख्येला १० ने नि:शेष भाग गेला पाहिजे. न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या बँकेचा ०२१००००२१ घ्या: ०, अधिक २८, अधिक २, म्हणजे ३०. जमले. भाग गेला नाही तर चेक बनावट आहे यात शंका नको. गेला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ठग खऱ्या कंपनीचा खरा खातेनंबरही छापतात. अशा वेळी त्या कंपनीला महिनाअखेरीस स्टेटमेंट पाहिल्यावर पत्ता लागतो. चेक काही दिवसांत नव्हे, तर काही आठवड्यांनी परत येतो तो यामुळे. ‘दहा दिवस झाले, आता काही होत नाही’ हा दिलासा म्हणूनच फसवा आहे.

वरच्या कोपऱ्यातला चेक नंबर खालच्या पट्टीतल्या नंबराशी जुळतो का, पाठवणाऱ्याचे नाव आणि चेकवरचे नाव एकच आहे का, पाकिटावरचे शहर तिसरेच आहे का, हेही पाहावे.

कॅशियर्स चेक आपल्याकडच्या डिमांड ड्राफ्टसारखा असतो: पैसे आधी घेऊन बँक स्वतःवर काढते. त्यामुळे लोक त्याला रोख समजतात, आणि त्याचमुळे ठगांचा तो आवडता. शाखेत काउंटरवर भरलेल्या कॅशियर्स चेकची रक्कम पुढच्याच दिवशी मोकळी होते, मग तो कागद घरच्या प्रिंटरवर छापलेला का असेना. पडताळायचा असेल तर चेकवर छापलेल्या फोन नंबरवर कधीही फोन करू नये, तिथे ठगाचाच साथीदार उचलतो. बँकेच्या स्वतःच्या वेबसाइटवरून नंबर शोधावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात: या क्रमांकाचा, या रकमेचा, या नावाने चेक तुम्ही काढला आहे का? समोरासमोर व्यवहार असेल, समजा जुनी गाडी विकायची आहे, तर खरेदीदारासोबत त्याच्या बँकेत जाऊन चेक आपल्यासमोर काढून घ्यावा. टपाल खात्याची मनीऑर्डर देशांतर्गत एक हजार डॉलरच्या वर निघत नाही. उजेडात धरली की तिच्यात बेंजामिन फ्रँकलिनचा जलछाप दिसतो. बाराशे डॉलरची मनीऑर्डर आली तर पुढे काही तपासायची गरज नाही.

चेक आला पण भरला नसेल तर भरू नये. पाकिटासह जपून ठेवावा. भरला असेल पण पैसे पुढे पाठवले नसतील, तर त्या रकमेला हात न लावता बँकेला लगेच कळवावे. ठग धमक्या देईल, ‘पोलिसांत देतो’ म्हणेल, ‘व्हिसा रद्द करवतो’ म्हणेल. उत्तर देऊ नये, पण मेसेज पुसूही नयेत.

पैसे गेले असतील तर पहिले काही तास महत्त्वाचे. वायरने (म्हणजे बँकेमार्फत थेट दुसऱ्या खात्यात) पाठवले असतील तर बँकेला ते परत मागवायला (रिकॉल करायला) सांगावे. गिफ्ट कार्डे असतील तर कार्डे आणि पावत्या हाताशी ठेवून त्या कार्डाच्या कंपनीला फोन करावा; शिल्लक उरली असेल तर ती गोठवता येते. झेलचे अवघड आहे. खातेदाराच्या नकळत पैसे गेले तर कायदा त्याला संरक्षण देतो, पण त्याने स्वतः पाठवलेले पैसे परत मिळतीलच असे नाही. तरी तक्रार करावीच. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर आणि एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांसाठीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. चेक टपालाने आला असेल तर पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिस या टपाल खात्याच्या तपास शाखेकडेही द्यावी. कॅम्पस पोलिसांकडून अहवालाचा क्रमांक घ्यावा, बँकेशी बोलताना तो उपयोगी पडतो. वजा शिल्लक तशीच सोडून खाते बंद पडू देऊ नये. तशी नोंद चेक्ससिस्टम्स या खातेदारांचा इतिहास बँकांना पुरवणाऱ्या संस्थेत गेली तर पाच वर्षांपर्यंत राहते आणि दुसरी बँक खाते उघडायला तयार होत नाही. बँकेशी बोलून हप्ते ठरवून घ्यावेत. ‘नोकरी’च्या नावाखाली काही काम केले असेल, तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील डीएसओला (विद्यार्थी व्हिसाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) स्वतःहून सांगावे. भीतीपोटी गप्प बसलेली मुले ठगाला दुसऱ्यांदा पैसे देतात, असे या प्रकरणांत वारंवार दिसते.

एका प्रकारात मात्र विद्यार्थी स्वतःच आरोपी होऊ शकतो. ‘तुझे डेबिट कार्ड आणि पिन दे, मी चेक भरतो, निम्मे तुझे’, किंवा ‘बँकेच्या ॲपचा पासवर्ड दे’ असे सांगणाऱ्याला साथ देणे हा बँकेच्या फसवणुकीतला सहभाग आहे. त्या गुन्ह्याला अमेरिकेच्या संघीय कायद्यात ३० वर्षांपर्यंत कैद आहे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस समाजमाध्यमांवर चेस बँकेच्या एटीएममधून ‘फुकट पैसे’ काढायची युक्ती पसरली होती. युक्ती एवढीच, की खोटा चेक भरायचा आणि तो परत येण्याआधी रोकड काढायची. ऑक्टोबरमध्ये बँकेने काही खातेदारांवर दावे लावले.

पालकांनी एवढे करावे: शिक्षण कर्जातून किंवा घरून पाठवलेली फीची रक्कम रोजच्या खात्यात ठेवू देऊ नये. वेगळे खाते उघडायचे तर शक्यतो वेगळ्या बँकेत उघडावे, कारण एकाच बँकेतील दुसऱ्या खात्यातून ती बँक वसुली करू शकते. आणि मुलाने फोनवर ‘चेक परत गेला’ असे सांगितले, तर आधी रागावू नये. रकमेचा बंदोबस्त पुढच्या फोनवर करता येईल. पहिल्या फोनवर त्याला थेट बँकेत पाठवावे.

परदेशी शिक्षणाचे मार्गदर्शन करणाऱ्या संस्था जून-जुलैमध्ये निघण्यापूर्वीची सत्रे घेतात. त्यांत अर्धा तास या विषयाला द्यावा, शक्य तर खऱ्या चेकचा नमुना मुलांच्या हातात देऊन, अशी त्यांना विनंती. आपल्या दैनिकाने त्याच सुमारास ही माहिती पुन्हा छापावी, ही आपणास विनंती.

आपले,
दोन निवृत्त बँक अधिकारी,
कोथरूड, पुणे