आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: आशाताईंच्या पिशवीत एक टेप द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आशाताई घरी आल्या होत्या, तिशीपुढच्यांच्या मधुमेह-रक्तदाबाच्या तपासणीचा फॉर्म भरायला. कमरेच्या घेराचा रकाना आला, तशी त्यांनी आईकडे एक नजर टाकली आणि '८० सेंमी किंवा कमी'वर खूण केली. आई काटकुळी, वजन ५१ किलो. त्या गेल्यावर मी शिवणाच्या डब्यातला टेप काढला. ८७ भरलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर', म्हणजे यकृतात साठलेली चरबी, आलं, तेव्हा रिपोर्ट बदलला असेल असंच घरात सगळे म्हणाले होते.

आशाताईंना मी बोल लावत नाही. त्यांच्याकडे टेपच नव्हता.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. चरबी म्हणजे ऊर्जेचं कोठार, एवढंच आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. प्रत्यक्षात ती ग्रंथीसारखी हॉर्मोन्स सोडते. १९९४ मध्ये मेंदूला 'पुरे' सांगून भूक आवरणारं लेप्टिन सापडलं, मागोमाग अ‍ॅडिपोनेक्टिन. या दुसऱ्याची तऱ्हा उफराटी: बनवते चरबीच, पण चरबी वाढली की रक्तातलं त्याचं प्रमाण घटतं. पोटातल्या चरबीच्या पेशी फुगल्या की त्यांना प्राणवायू अपुरा पडतो, तिथे दाह सुरू होतो आणि अ‍ॅडिपोनेक्टिन आटतं. ते पुरेसं असेल तर स्नायू साखर ओढून घेतात, यकृत चरबी जाळतं, रक्तवाहिन्यांचं अस्तर शाबूत राहतं. ते घटलं की यकृत गरज नसताना साखर सोडत राहतं आणि स्वतः चरबीने भरतं. लेप्टिन मात्र वाढतच जातं, मेंदू त्याला दाद देईनासा होतो. उंदरांवरच्या प्रयोगांत तर ते यकृतात व्रणासारखे तंतू वाढवताना दिसलं आहे.

वजनकाट्याला यातलं काही कळत नाही. आपल्याच पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचा फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंही त्यांना अशीच आढळली: इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने कितीतरी कमी, पण त्या मानाने चरबी टिकवून असलेली.

गावोगाव हॉर्मोन तपासा, असं माझं म्हणणं नाही. पोटाचा घेर मोजला तरी पुष्कळ कळतं. बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंमी ही मर्यादा फॉर्मवर आधीपासून आहेच. अडतं ते मोजण्यात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायचा असतो. नेसत्या साडीवरून, निऱ्यांचा गठ्ठा आणि परकराची नाडी मध्ये घेऊन मोजलं तर तो आकडा कशाचा? म्हणून शिबिरात एक पडदा हवा. आणि पुरुषांच्या कमरेला आशाताईंनी टेप लावायचा, ही अपेक्षा कुणी केली कोण जाणे! ते काम आरोग्यसेवकांकडे द्या. फॉर्मवर नुसती खूण नको, सेंटिमीटरचा आकडा लिहायला सांगा, म्हणजे पुढच्या वर्षी ताडून पाहता येईल.

टेप शिंप्याकडे असतो तसला चालेल. फक्त दरवर्षी नवा द्या, वापरून तो ताणतो आणि घेर कमी दाखवतो.

आपली,
एक शिक्षिका